काळुंदराची भावकी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एका लहानशा पिवळ्या माशाभोवती आणि खाडीतला काळुंदर वगैरे त्याच्या नातेवाइकांभोवती फिरणारी निघाली, म्हणून नेहमीप्रमाणे निरनिराळे विषय न घेता हे सदर या वेळी त्या एका माशालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. प्रश्न मात्र मूळचेच आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. कुडाळच्या एका दुकानातून मुलासाठी पिवळे, अंगावर काळे ठिपके असलेले चार लहान मासे आणले. काचपेटीवरील चिठ्ठीवर ‘ऑरेंज क्रोमाईड, एट्रोप्लस मॅक्युलेटस’ असे लिहिले होते. मुलाच्या पुस्तकात मात्र त्याच माशाच्या चित्राखाली ‘स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस (ब्लॉख, १७९५)’ असे छापले आहे. माझ्या वडिलांच्या मते ही काळुंदराची पिल्ले आहेत, तर शेजारचे काका म्हणतात की ही साधी चिलापी, दुकानदाराने तुम्हांला फसवले. यांतले खरे कोणाचे मानावे? आणि पुस्तकात ते एकच नाव कंसात का घातले आहे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या घरच्या वादात पुस्तक बरोबर आहे, दुकानदार जुन्या हिशेबाने बरोबर आहे, वडील फारसे चुकलेले नाहीत, आणि शेजारच्या काकांचा नेम हुकला असला तरी कूळ त्यांनी ओळखले आहे, कारण चिलापी, काळुंदर आणि आपल्याकडचा पिवळा मासा हे तिघेही सिक्लिड कुळातले आहेत. या कुळातील सतराशेहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले असून त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेतील आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील गोड्या पाण्यात राहतात. दुकानात शेजारच्या पेट्यांमध्ये दिसणारे एंजल, ऑस्कर आणि डिस्कस हे याच कुळातले, आणि कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न हा तर याच कुळातील माशांचा माणसाने घडवलेला संकर आहे. भारताच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा सिक्लिड जाती मात्र तीनच आहेत, आणि आपल्या मुलाच्या पेटीतला मासा त्या तिघांत सर्वांत लहान होय. पूर्ण वाढ झाल्यावरही तो साधारण आठ सेंटिमीटरच्या आसपास राहतो.

त्याच्या नावाची हकिकत अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते. मार्कुस एलिझर ब्लॉख हे बर्लिनमध्ये वैद्यकी करणारे गृहस्थ. जगभरचे मासे जमवणे आणि त्यांची रंगीत चित्रे वर्णनासह छापणे हा त्यांचा उत्तरायुष्यातील उद्योग होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतल्या मिशनऱ्यांकडून त्यांना आपल्याकडचे मासे मिळत असत. त्यांनी १७९० मध्ये काळुंदराचे आणि १७९५ मध्ये या पिवळ्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि दोघांनाही ‘किटोडॉन’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसवले. किटोडॉन म्हणजे प्रवाळांमध्ये हिंडणारे समुद्रातले फुलपाखरू मासे. दोन्ही बाजूंनी चेपलेले आणि उंच असे अंग, तोंड लहान, अंगावर पट्टे किंवा ठिपके, एवढे साम्य पाहून टिकवलेल्या नमुन्यावरून काम करणाऱ्या माणसाने तसे ठरवले असेल तर त्यात नवल नाही. काळुंदराला तेव्हा मिळालेले ‘सुरटेन्सिस’ हे विशेषण सुरतेवरून आले आहे, आणि पिवळ्याचे ‘मॅक्युलेटस’ म्हणजे ठिपक्यांचा.

पुढे १८३० मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी ‘एट्रोप्लस’ ही नवी प्रजाती मांडली. ग्रीक भाषेतील ओटीपोट आणि शस्त्र या अर्थांच्या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. गुदद्वारामागच्या पराला, म्हणजे गुदपराला, ओळीने असलेले अनेक कठीण काटे त्यांच्या नजरेत भरले होते. पागात, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्यात, आलेला काळुंदर ज्याने एकदा तरी निष्काळजीपणे मुठीत धरला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. पिवळ्या माशालाही तसेच काटे असल्यामुळे तोही एट्रोप्लस ठरला. त्यानंतर १८६२ मध्ये डच मत्स्यतज्ज्ञ पीटर ब्लीकर यांनी (हे गृहस्थ बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, अनेक वर्षे लष्करी डॉक्टर होते) पिवळ्याला काळुंदरापासून वेगळे काढून त्याच्यासाठी ‘स्यूडेट्रोप्लस’, म्हणजे एट्रोप्लससारखा भासणारा पण एट्रोप्लस नसलेला, अशी स्वतंत्र प्रजाती केली. ती वाटणी बहुतेकांनी मान्य केली नाही आणि शंभराहून अधिक वर्षे तो एट्रोप्लस मॅक्युलेटस म्हणूनच ओळखला गेला. शोभेच्या माशांचा व्यापार वाढला तो याच काळात, त्यामुळे दुकानांतल्या चिठ्ठ्यांवर ते नाव पक्के बसले. सांगाडे आणि जनुकीय क्रम यांची नव्याने तुलना झाल्यावर एकविसाव्या शतकात ब्लीकर यांचे नाव पुन्हा वापरात आले. आज ते मान्य आहे आणि त्या प्रजातीत आपला पिवळा मासा एकटाच आहे.

येथे एक रास्त शंका उरते, ती अशी की दोघांना वेगळे करायचेच होते तर नवे नाव काळुंदराला न देता पिवळ्याला का दिले. आपल्याकडे वाडीत घरे वेगळी होतात तेव्हा मूळ घर कोणाकडे राहिले हे आधी ठरते, आणि देवघर त्याच घरात राहते. प्राण्यांच्या नामकरणाचे नियमही काहीसे असेच आहेत. प्रत्येक प्रजातीचे नाव एका जातीशी कायमचे बांधलेले असते, तिला प्ररूप जाती म्हणतात. एट्रोप्लस हे नाव काळुंदराशी बांधलेले आहे, म्हणून वाटणी कशीही झाली तरी ते नाव त्याच्याकडेच राहणार आणि बाहेर पडणाऱ्याला दुसरे नाव शोधावे लागणार. ते शोधताना नवे नाव मनाने घडवता येत नाही; कोणी पूर्वी नियमानुसार दिलेले नाव उपलब्ध असेल तर तेच वापरावे लागते. ब्लीकर यांचे १८६२ सालचे नाव दीडशे वर्षे अडगळीत पडून होते, ते असे कामी आले.

कंसाचे कारणही यातच आहे. जातीच्या नावापुढे तिचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल लिहितात. तो ज्या प्रजातीत ती जाती ठेवून गेला त्याच प्रजातीत ती आज असेल, तर नाव कंसाशिवाय लिहायचे. मधल्या काळात प्रजाती बदलली असेल तर कंसात. ब्लॉख यांनी पिवळ्याला किटोडॉन म्हटले होते, आज तो किटोडॉन नाही, म्हणून कंस. तिसरी भारतीय जाती एट्रोप्लस कॅनरेन्सिस हिचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये एट्रोप्लस म्हणूनच केले आणि ती आजही तेथेच आहे, त्यामुळे तिच्यापुढे ‘डे, १८७७’ असे उघडे लिहितात. ही जाती जुन्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यातील नद्यांची, आणि गोड्या पाण्यातली.

परिभाषेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पत्रांमध्ये त्याने फार घोळ होतो. मराठी विश्वकोशाच्या परंपरेत ‘जाती’ हा सर्वांत खालचा एकक आहे, अनेक जवळच्या जाती मिळून ‘प्रजाती’ होते, प्रजाती मिळून कुल आणि कुले मिळून गण. वृत्तपत्रांत मात्र अलीकडे ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापतात तेव्हा बहुधा नवी जाती सापडलेली असते. या सदरात आम्ही जुनीच पद्धत पाळतो.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळू. काळुंदर वीस सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो, त्याहून बराच मोठाही होतो. अंग हिरवट करडे, त्यावर आडवे छेद दिल्यासारखे सहा ते आठ काळपट पट्टे, खवल्यांवर मोत्यासारखे पांढुरके ठिपके आणि वक्षपराच्या मुळाशी एक काळा डाग. या मोतीदार अंगामुळेच त्याला इंग्रजीत मोतीठिपक्या अशा अर्थाचे नाव आहे. केरळात तो करिमीन. त्या राज्याने २०१० मध्ये त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. आपल्या राज्याने २०२३ मध्ये तो मान रुपेरी पापलेटाला दिला. पिवळ्या माशाच्या अंगावर साधारणपणे तीन काळे ठिपके असतात आणि त्यांतला मधला सर्वांत ठळक असतो. निसर्गातला मासा बराच मंद, हिरवट पिवळा दिसतो. दुकानातला झेंडूच्या रंगाचा मासा हा निवड करत वाढवलेला वाण आहे. पण पिल्लांच्या रंगावर भरवसा ठेवू नये. पाठीवरच्या पराचे कठीण काटे संपल्यावर जे मऊ किरण येतात ते मोजावेत. पिवळ्याला ते आठ ते दहा असतात, काळुंदराला चौदा-पंधरा.

आणि काकांसाठी याहून सोपी खूण आहे. चिलापीच्या गुदपराला कठीण काटे तीन असतात. काळुंदराला आणि पिवळ्याला ते बारा किंवा त्याहून अधिक असतात. मासा मेल्यावर, पर टाचणीने पसरून, भिंगातून कोणालाही हे मोजता येईल. मी स्वतः हे तारुण्यात शिकलो ते फजितीतून. मानशीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातील पाणी सोडण्याच्या झडपेच्या, दारात मिळालेले बोटभर पिल्लू विद्यार्थ्यांपुढे काळुंदर म्हणून ठामपणे दाखवले, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याच्या घरी पाग होता, शांतपणे सांगितले की सर, याला पोटाखाली काटेच नाहीत. पाठीच्या पराच्या मऊ भागाच्या मुळाशी असलेला काळा ठिपका, जो चिलापीच्या पिल्लाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे, तोही मी पाहिला नव्हता.

प्रश्न : आमच्या शाळेच्या जुन्या संदर्भपुस्तकांत सिक्लिड कूल ‘पर्सिफॉर्मिस’ या गणात दिले आहे. एका विद्यार्थिनीने प्रकल्पात ‘सिक्लिफॉर्मिस’ असे लिहिले आणि मी ते चूक म्हणून कापले. आता तिने मला पुरावा आणून दाखवला आहे. चूक कोणाची? शिवाय आमच्या मुलांना माहीत असलेल्या माशांपैकी सिक्लिडांच्या जवळचे कोण, हे सांगितल्यास वर्गात उपयोग होईल.
— एक शिक्षिका, वेंगुर्ले तालुका

उत्तर : गुण परत द्यावेत, ही विनंती. आपण शिकलात तेव्हाचे उत्तर तेव्हा बरोबर होते, तिचे आज बरोबर आहे.

पर्सिफॉर्मिस हा गण फार वर्षे कोणालाही सामावून घेणाऱ्या धर्मशाळेसारखा होता. काटेरी पर असलेला आणि दुसरीकडे कोठे न बसणारा मासा त्यात जाई, आणि त्यामुळे हजारो जातींचा तो अवाढव्य ढीग झाला. सिक्लिडांना त्यातही समुद्रातील पोपट मासे आणि त्यांच्यासारख्या इतर काहींच्या सोबत एका उपगणात ठेवत, याला एक भक्कम वाटणारे कारण होते. या सर्वांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. खालच्या बाजूची दोन हाडे जुळून एक होतात, वरची हाडे कवटीवर टेकून सरकतात, आणि मासा तोंडाने भक्ष्य पकडतो पण ते दळतो घशात. तोंडाचा जबडा दळण्याच्या कामातून मोकळा झाल्यामुळे त्याला हव्या त्या आकारात बदलता आले, आणि आफ्रिकेतील व्हिक्टोरिया, मलावी व टांगानिका या सरोवरांत सिक्लिडांच्या शेकडो जाती निर्माण होण्यामागे हे एक कारण मानले जाते. इतके गुंतागुंतीचे यंत्र दोनदा स्वतंत्रपणे घडेल असे कोणाला वाटले नव्हते, म्हणून ते ज्यांच्याजवळ आहे ते सगळे एका वंशाचे, असा निष्कर्ष निघाला.

जनुकीय अभ्यासांनी तो मोडला. घशातला दुसरा जबडा माशांमध्ये एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडला आहे, आणि पोपट मासे हे सिक्लिडांचे जवळचे नातेवाईक नाहीत, असे दिसून आले. सिक्लिडांना आता सिक्लिफॉर्मिस हा स्वतःचा गण मिळाला आहे आणि तो गण ‘ओव्हॅलेंटेरिया’ नावाच्या एका मोठ्या समूहात मोडतो. २०१२ मध्ये सुचवलेल्या या नावात अंडी आणि चिकटपणा या दोहोंचा उल्लेख आहे, कारण या समूहातील पुष्कळ माशांच्या अंड्यांना चिकट धागे असतात आणि ती दगडाला, मुळाला, गवताला चिकटून राहतात. काळुंदराची अंडी ज्याने पाण्यात बुडालेल्या खुंटावर पाहिली असतील त्याला ठाऊक असेल की प्रत्येक अंडे एका बारीक देठावर उभे असते.

आता वर्गात सांगण्याजोगी गोष्ट. या समूहात सिक्लिडांसोबत कोण आहे? बोय, म्हणजे ज्याला मालवणकडे शेवटा म्हणतात तो. आणि लांब चोचीचा टोळ. उडणारे मासेही त्यातच. उलट तांबोशी आणि जिताडा, ज्यांचे उंच अंग, काटेरी पाठ आणि ताटातले रूप काळुंदराशी अधिक जुळते, ते त्याच्यापासून दूरच्या फांद्यांवर आहेत. काळुंदर आणि जिताडा शेजारी ठेवून मुलांना ‘यांतला बोयीचा जवळचा कोण’ असे विचारले तर उत्तर कोणी पटकन देईल असे वाटत नाही. मोठ्यांनाही विचारून पाहावे.

सिक्लिड ओळखण्याच्या बाह्य खुणा मुलांना हव्या असतील तर दोन पुरेत. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूस नाकपुडीची दोन छिद्रे असतात, सिक्लिडांना एकच असते. आणि अंगाच्या कडेने जाणारी पार्श्वरेषा शेपटीपर्यंत सलग न जाता मध्येच तुटते. पहिली खूण बाजारातून आणलेल्या चिलापीवर सहज दाखवता येते. दुसरीसाठी भिंग आणि धीर लागतो.

प्रश्न : काळुंदराचे जवळचे नातेवाईक मादागास्करला आहेत असे वाचले. गुहागरच्या खाडीतला मासा आणि आफ्रिकेपलीकडचे बेट, यांचा संबंध कसा लागतो?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, गुहागर

उत्तर : वाचलेले खरे आहे, आणि या माशाच्या वर्गीकरणात मला सर्वांत रोचक वाटते ते हेच. एट्रोप्लस, स्यूडेट्रोप्लस आणि मादागास्करमधील पॅरेट्रोप्लस या तीन प्रजाती मिळून एक उपकुल होते. पॅरेट्रोप्लस हे नावही ब्लीकर यांनीच, १८६८ मध्ये दिलेले. एट्रोप्लसच्या जवळचा, असा त्याचा अर्थ. मादागास्करचे लोक या माशांना डांबा म्हणतात. चिलापी तीन पिढ्या आपल्या तळ्यांत राहिली तरी काळुंदराची सख्खी भावकी आपल्या खाडीत नाही, ती समुद्रापार आहे. सिक्लिडांच्या वंशवृक्षाचा पहिला फाटा जेथे फुटतो तेथे एका बाजूला हे उपकुल असते आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे सर्व, आफ्रिकेचे आणि अमेरिकेचे सगळे धरून.

या तीन प्रजातींना जोडणारी एक गोष्ट शरीराच्या आत आहे. माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, यांच्यात पुढे दोन शिंगांसारखी वाढून थेट कवटीच्या मागच्या भागाशी, अंतर्कर्णाजवळ पोहोचते. पाण्यातील आवाजाने पिशवीतील हवा थरथरते आणि ती थरथर कानापर्यंत जाते. पिवळ्या माशाचा हा सांधा सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने तपासला गेला आहे, आणि ज्या आफ्रिकी सिक्लिडांशी त्याची तुलना झाली त्यांच्यापेक्षा त्याची श्रवणशक्ती सरस आढळली आहे. काचपेटीवर टकटक करू नये असे मुलांना सांगण्यास एवढे कारण पुरे आहे.

राहिला प्रश्न प्रवासाचा. भारत आणि मादागास्कर हे भूखंड पूर्वी जोडलेले होते आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. एक मत असे की सिक्लिड तेव्हाच तेथे होते, भूमी दुभंगली तशी भावकी दुभंगली, आणि भारत उत्तरेकडे सरकताना आपल्या नद्यांतले मासे बरोबर घेऊन आला. हे चित्र इतके देखणे आहे की ते खरे असावे असे कोणालाही वाटेल. अडचण जीवाश्मांची आहे. सिक्लिडांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म टांझानियात सापडले असून ते सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. भारत वेगळा झाला त्या काळातला एकही नाही. २०१३ मध्ये जीवाश्मांचा आणि जनुकांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या एका अभ्यासाने या कुळाचा उगमच साधारण साडेसहा कोटी वर्षांच्या अलीकडे ठेवला. हे मान्य केले तर भूखंड आधी दुरावले आणि मासे नंतर समुद्र ओलांडून गेले, असे म्हणावे लागते.

वाद मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही. काळुंदर गोड्या पाण्यात जगतो, मचूळ पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात खाडी जवळपास समुद्राइतकी खारट झाली तरी टिकतो. पिवळाही गोड्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत राहतो, आणि मादागास्करच्या पॅरेट्रोप्लसांपैकी एक जाती किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात सापडते. दरवर्षी मे महिन्यातले मीठ आणि जुलैतला लोंढा एकाच जागी राहून सोसणाऱ्या माशाला केवळ ‘गोड्या पाण्यातला’ म्हणणे ही वर्गीकरणाची सोय आहे, माशाची मर्यादा नव्हे. मात्र सहन करणे वेगळे आणि शेकडो मैल समुद्र ओलांडणे वेगळे, हा पहिल्या बाजूचा आक्षेप वजनदार आहे हेही नमूद करतो.

प्रश्न : माझ्या पेटीतील पिवळ्या जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली, पिल्ले झाली. आता पिल्ले आईबापांच्या अंगाला सारखी तोंडे लावत आहेत. ती उपाशी आहेत की त्यांना काही रोग आहे? मोठ्या माशांच्या परांवर पांढरी बुरशीही दिसते. पाणी घरच्या विहिरीचे, स्वच्छ आहे.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, देवगड

उत्तर : पिल्लांची काळजी नको. या माशाच्या त्वचेवर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर असतो आणि पिल्ले तो टिपून खातात. पिल्ले असताना आईबापांच्या अंगावर तो अधिक सुटतो. १९६० च्या दशकापासून प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी या वागण्याचे बारकाईने निरीक्षण केले आहे. नर आणि मादी दोघेही अंड्यांना पंख्यासारखा पराने वारा घालतात, अंड्यांतून निघालेली पिल्ले तोंडाने उचलून रेतीत उकरलेल्या खळग्यांत हलवतात आणि पुढे थव्याभोवती पहारा देतात. चिलापीचा संसार याहून निराळा. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि नर घरकाम पाहत नाही. आपण जोडी वेगळ्या पेटीत ठेवली असेल तर नराला काढू नये. दोघांचा पहारा लागतो. श्लेष्मा हे पिल्लांचे पूर्ण अन्नही नव्हे, म्हणून नुकतीच फुटलेली मिठागरी कोळंबीची अळी, जी दुकानात आर्टिमिया म्हणून मिळते, ती दिवसातून दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी.

बुरशीचे मूळ बहुधा आपण ज्याचे कौतुक केलेत त्या विहिरीत आहे. जांभ्या दगडातून पाझरलेले पाणी पिण्यास गोड लागते, पण ते मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. हा मासा मचूळ पाण्याच्या कडेने वाढलेला. मऊ, आम्ल पाण्यात त्याची कातडी दुबळी पडते आणि बुरशी धरते. पाण्यात जाडे मीठ थोडे थोडे करून, दोन-तीन दिवसांत मिळून दहा लिटरला दोन चहाचे चमचे एवढे विरघळवावे, रेतीत शिंपल्यांचा चुरा मिसळावा म्हणजे आम्लता आपोआप कमी राहील, आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. पेटीत पाणवनस्पती असतील तर मिठाने त्यांतल्या काही मरतील, हे आधी लक्षात घ्यावे. बुरशी आठवडाभरात हटली नाही तर तो मासा वेगळा काढावा. अंडी असताना मात्र मिठाचे प्रमाण एकदम बदलू नये.

प्रश्न : चिलापीला शास्त्रीय नावात ‘तिलापिया’ का म्हणत नाहीत?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : कारण तिचीही पाटी बदलली. ‘तिलापिया’ हे प्रजातीचे नाव १८४० मध्ये दिले गेले, ते दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतल्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून. पुढे एथेलविन ट्रेव्हावास या ब्रिटिश संशोधिकेने पिल्ले सांभाळण्याच्या पद्धतीला महत्त्व देऊन या माशांची नवी वाटणी केली, आणि ज्यांची मादी अंडी तोंडात धरते ते ‘ओरिओक्रोमिस’ मध्ये गेले. भारतात १९५२ मध्ये प्रथम आणलेली मोझांबिक चिलापी आणि आता शेततळ्यांत वाढवली जाणारी नाईल चिलापी, दोन्ही ओरिओक्रोमिस आहेत. बाजारातले नाव बदलण्याची गरज नाही.

प्रश्न : खाडीतून आणलेला लहान काळुंदर आणि दुकानातले पिवळे मासे एकाच पेटीत ठेवता येतील का?
— एक वाचक, आचरे

उत्तर : काही काळ येतील, आणि पाहण्यासारखे दृश्य मिळण्याचाही संभव आहे. निसर्गात हे दोघे एकत्र राहतात आणि पिवळा मासा काळुंदराच्या अंगावरचे व परांवरचे परजीवी टिपून खातो. काळुंदर त्या वेळी स्थिर राहून अंग पुढे करतो. श्रीलंकेतील पाण्यांत या साफसफाईचा अभ्यास झाला आहे. मात्र हाच सेवेकरी काळुंदराची अंडी आणि नवजात पिल्ले सापडली तर तीही खातो, आणि काळुंदराला आपल्या अंड्यांचा पहारा मुख्यतः त्याच्याविरुद्धच द्यावा लागतो. पेटीत जागेची अडचण याहून आधी येईल. तळहाताएवढ्या काळुंदराला दोनशे लिटरपेक्षा लहान पेटीत ठेवू नये, आणि तो तेवढा झाला की जेथून आणला त्याच खाडीत सोडावा. दुकानातून आणलेले पिवळे मासे मात्र त्याच्याबरोबर खाडीत सोडू नयेत.